कुर्डुवाडी रेल्वे स्थानकाचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांनी कुर्डुवाडी स्थानक गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. आसपासच्या वस्तीच्या मानाने एवढे मोठे यार्ड, एवढी रेल्वे वसाहत आणि रेल्वेचा कारखाना येथे कसा आला, असा प्रश्न त्यांतल्या काहींना पडतो. त्याचे उत्तर एका गोष्टीत आहे : शंभराहून अधिक वर्षे येथे दोन वेगवेगळ्या मापांचे रूळ शेजारी शेजारी होते आणि एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हती. माणसांना व मालाला येथे उतरावेच लागे. या सक्तीच्या थांब्यातून हे गाव घडले. स्थानकाविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न व त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

कुर्डुवाडी स्थानक नेमके कोठे आहे, आणि त्याला ग्रामीण स्थानक का म्हणायचे?

हे स्थानक सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, मुंबईपासून सुमारे ३७६ किलोमीटरवर आणि सोलापूरच्या अलीकडे सुमारे ७९ किलोमीटरवर आहे. आज कुर्डुवाडीला नगरपरिषद आहे, त्यामुळे त्याला खेडे म्हणता येणार नाही. परंतु रूळ आले तेव्हा येथे कुर्डू या गावची एक वाडी होती. तालुक्याचे ठाणे माढ्याला होते, व्यापाराची पेठ बार्शीला होती आणि तीर्थक्षेत्र पंढरपुरात होते. या तिन्ही ठिकाणांना वगळून रूळ ज्या माळावरून गेला, तेथे स्थानक झाले आणि वस्ती नंतर आली. एखाद्या जुन्या शहराला स्थानक मिळणे आणि एखाद्या स्थानकाला गाव येऊन चिकटणे हे दोन निराळे इतिहास आहेत, आणि कुर्डुवाडीचा इतिहास दुसऱ्या प्रकारचा आहे.

येथे पहिली गाडी कधी आली?

मुंबई ते ठाणे ही गाडी १८५३ साली सुरू झाली, हे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने दक्षिणेकडचा मार्ग तुकड्यातुकड्याने उभारला. खंडाळा ते पुणे हा भाग जून १८५८ मध्ये खुला झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस गाडी पुण्याहून दिकसळपर्यंत जाऊ लागली, १८५९ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीला पोहोचली आणि १८६० मध्ये मोहोळमार्गे सोलापुरात गेली.

या तारखांमध्ये एक महत्त्वाची गोष्ट लपलेली आहे. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे कुर्डुवाडीला गाडी आली तेव्हा घाटावरचे रूळ आणि मुंबईचे रूळ एकमेकांना जोडलेलेच नव्हते. मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीपर्यंत गाडीने येई, तेथून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा दुसऱ्या गाडीत बसे. घाटावरच्या मार्गासाठी लागणारी इंजिने, डबे आणि रूळसुद्धा रस्त्यानेच वर न्यावे लागले. या स्थानकाच्या पहिल्या चार वर्षांचा काळ असा तुटक मार्गाचा होता. पुढे १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला आणि मुंबई-मद्रास हा सलग लोहमार्ग तयार झाला.

जुन्या कागदपत्रांत या स्थानकाचे नाव ‘बार्शी रोड’ असे का आढळते?

ज्या मोठ्या गावासाठी स्थानक बांधले ते गाव रुळापासून दूर असेल, तर त्या गावाच्या नावापुढे ‘रोड’ लावून स्थानकाला नाव देण्याची कंपन्यांची पद्धत होती. आजचे किर्लोस्करवाडी स्थानकही पूर्वी कुंडल रोड होते. बार्शी येथून साधारण ३४ किलोमीटर दूर आहे, आणि त्या काळी कापसाच्या व गळिताच्या धान्याच्या व्यापारात बार्शीचे नाव मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचलेले होते. कंपनीच्या दृष्टीने हे स्थानक बार्शीच्या मालासाठीच होते. ते ज्या मातीवर उभे होते त्या वाडीचे नाव फलाटावर लागायला बराच काळ जावा लागला. जुने गॅझेटियर (सरकारी जिल्हा माहितीग्रंथ), जाहिराती किंवा पत्रव्यवहार चाळताना ‘बार्शी रोड’ दिसले, तर ते बार्शीचे स्थानक समजू नये. बार्शी शहराचे स्थानक निराळे होते व ते ‘बार्शी टाउन’ या नावाने ओळखले जाई.

मुख्य मार्गच बार्शीवरून का नेला नाही?

कंपनीचे लक्ष्य बार्शी नव्हते, सोलापूर व रायचूर होते. पुण्याहून आग्नेयेकडे भीमेच्या खोऱ्यातून उतरत जाणारी वाट सपाट आणि सरळ होती. बार्शी बालाघाटच्या पायथ्याशी, या वाटेपासून बरीच पूर्वेला आहे, आणि तिच्या पलीकडे लगेच निजामाच्या राज्याची हद्द लागत असे. त्यामुळे बार्शीचा कापूस बैलगाड्यांतून बार्शी रोडला यायचा. उन्हाळ्यात ही वाहतूक जमून जाई, पण पावसाळ्यात या भागातली काळी माती चाकाला धरून ठेवते आणि भरलेली गाडी हलत नाही, हे सोलापूर जिल्ह्यात शेती केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या कापसाला अचानक मोठी मागणी आली. स्थानक नुकतेच उघडले होते, घाट १८६३ मध्ये खुला झाला होता आणि व्यापार वाढत होता, तरी अडचण शेवटच्या ३४ किलोमीटरांतच होती. ती दूर व्हायला आणखी तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

बार्शी लाईट रेल्वे कोणी उभारली?

बार्शी रोड स्थानकापासून बार्शीला जाणारी ही अरुंद मापाची रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारली. तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गाला येऊन मिळणाऱ्या छोट्या, स्वस्त शाखा उभारल्या तर दूरच्या पेठा रेल्वेला जोडता येतील, असे त्याचे मत झाले आणि १८८० च्या दशकातच त्याने बार्शीची योजना मांडली. सरकारी परवानग्या आणि भांडवल यांत अनेक वर्षे गेली. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. ते वर्ष सोलापूर जिल्ह्यात दुष्काळाचे होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. कापसासाठी आखलेला मार्ग उघडला तेव्हा लोकांची पहिली गरज धान्याची होती.

कॅलथ्रॉप हा बहुरंगी माणूस होता. पुढे त्याने विमानातून उडी घेणाऱ्या वैमानिकांसाठी हवाई छत्रीवर काम केले आणि घोड्यांवर पुस्तकही लिहिले. त्याचे निधन १९२७ मध्ये, म्हणजे बार्शी लाईटचा शेवटचा विस्तार मिरजेला पोहोचला त्याच वर्षी झाले. रेल्वे अभियांत्रिकीच्या जगात त्याचे नाव आजही मुख्यतः बार्शीमुळे घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला माहीत नाही, आणि हे बदलायला हवे असे वाटते.

अडीच फुटी रुळावरची एवढीशी गाडी इतका माल कशी ओढत असे?

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण बार्शी लाईटचे खरे महत्त्व येथेच आहे. मुख्य मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर होते, तर बार्शी लाईटचे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. रूळही हलके होते. एक यार्ड (तीन फूट) लांबीच्या रुळाचे वजन ३० पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने एका मीटरला सुमारे १५ किलो. अशा रुळावर जड इंजिन घातले तर रूळ वाकतो आणि हलके इंजिन घातले तर ते माल ओढत नाही. त्यामुळे अरुंद रूळ म्हणजे खेळातली गाडी, असा तेव्हाच्या अनेक अधिकाऱ्यांचा समज होता.

कॅलथ्रॉपने एक नियम ठरवला आणि तो इंजिनापासून मालडब्यापर्यंत सर्वत्र पाळला. गाडीतल्या कोणत्याही आसावर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, आणि भरलेल्या डब्याच्या आसावरचा भार त्या मर्यादेच्या शक्य तितका जवळ असावा. इंजिन ताकदवान हवे असेल तर त्याचे वजन अधिक आसांवर वाटून द्यायचे. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच एकमेकांना जोडलेली आठ चाके आणि त्यामागे आणखी चार चाके होती. मालडबे लांब ठेवले, त्यांना दोन टोकांना चार-चार चाकांचे वळू शकणारे सांगाडे (बोगी) दिले आणि डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले. त्यामुळे डब्याचे स्वतःचे वजन कमी झाले आणि तेवढाच माल जास्त भरता आला. रुळाचा प्रत्येक तुकडा सारखाच भार सोसत असल्यामुळे ठरावीक जागी रूळ खचण्याचा प्रश्न कमी झाला आणि हलका रूळही पूर्ण क्षमतेने वापरता आला.

गाडी हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून तिच्या चाचण्या घेण्यात आल्या आणि त्या पाहण्यासाठी रेल्वे व्यवसायातील जाणकारांना बोलावले गेले. माढा आणि बार्शी तालुक्यांच्या माळरानावर धावायची गाडी आधी इंग्लंडमध्ये धावून आली होती. अरुंद मापाची रेल्वे गांभीर्याने घ्यायची गोष्ट आहे हे सिद्ध करणाऱ्या मार्गांत बार्शीची गणना होते. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड हा १९०४ चा अडीच फुटी मार्गही कॅलथ्रॉपच्याच सल्ल्याने झाला.

दोन मापांचे रूळ एकत्र आल्यामुळे कुर्डुवाडीत प्रत्यक्ष काय घडत असे?

बार्शीहून आलेली कापसाची गठाण मुंबईला जायची असेल, तर ती छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागे. यासाठी जेथे दोन मापे मिळतात तेथे खास धक्का बांधण्याची रीत असते. धक्क्याच्या एका बाजूला मोठ्या मापाचा रूळ, दुसऱ्या बाजूला छोट्या मापाचा. डब्यांची उंची सारखी नसल्याने रुळांची पातळी अशी ठेवली जाते की दोन्ही डब्यांचे तळ शक्यतो एका सपाटीत यावेत आणि हमालाला पाठीवरचे ओझे घेऊन चढ चढावा लागू नये. तरीही डब्यांची मापे वेगळी असल्याने एका छोट्या डब्यातला माल एका मोठ्या डब्यात नेमका मावेल असे होत नाही. मग डब्यांचा हिशेब जुळवणे, बिल्ट्या (मालाच्या पावत्या) तपासणे, पोती मोजणे, फुटलेले पोते शिवून घेणे, पावसात ताडपत्री टाकणे ही सगळी कामे माल उतरवण्याच्या कामाला जोडून येतात. त्यासाठी मालबाबू लागतो, मुकादम लागतो, तोलारी लागतात, रात्रपाळीला दिवे लागतात, आणि मुख्य म्हणजे हमालांची मोठी फळी लागते.

रेल्वेच्या हिशेबात हा सगळा तोटा असतो. प्रत्येक पोत्यामागे वेळ, मजुरी आणि नासधूस वाढते, आणि मापबदलाविरुद्ध रेल्वे अभियंत्यांनी शंभर वर्षे केलेली तक्रार खरीच आहे. परंतु ती मजुरी ज्यांच्या हातात पडत होती, त्यांची घरे कुर्डुवाडीत होती. प्रवाशांचेही तसेच. मुंबईची गाडी आणि बार्शीची गाडी यांच्या वेळांमधले अंतर तासाचे असो वा रात्रभराचे, तेवढा वेळ माणूस येथे बसे, खाई, झोपे, खरेदी करी. खानावळी, चहाची हॉटेले, धर्मशाळा, टांगेवाले या सर्वांचा धंदा या थांब्यावर चाले. या गावाची बाजारपेठ शेतमालावर जितकी वाढली तितकीच ताटकळणाऱ्या माणसांवर वाढली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पंढरपूरच्या यात्रेशी या स्थानकाचा काय संबंध आहे?

फार जवळचा आणि फार जुना. पंढरपूर येथून सुमारे ५२ किलोमीटर आहे. १८५९ नंतर जे यात्रेकरू रेल्वेने येत, त्यांतले पुष्कळजण बार्शी रोडला उतरत आणि पुढची वाट पायी किंवा बैलगाडीने चालत. १९०६ मध्ये बार्शी लाईटची शाखा पंढरपूरला पोहोचली, आणि कापसासाठी जन्मलेल्या या कंपनीला यात्रेकरूंच्या रूपाने दुसरे मोठे उत्पन्न मिळाले.

आषाढी-कार्तिकीला येथे जी गर्दी होई ती कोणत्याही नेहमीच्या डब्यांत मावणारी नव्हती. यात्रांच्या वेळी प्रवाशांना मालडब्यांत बसवून नेण्याची चाल त्या काळात देशभर होती. तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढलेल्या माणसाला बाक मिळेलच याची हमी नसे. रेल्वेमुळे पायी वारी संपली का, असेही विचारले जाते. तसे अजिबात झाले नाही. आळंदी आणि देहूहून निघणाऱ्या पालख्या चालतच राहिल्या. वारी पूर्ण पायी करणाऱ्यांबरोबरच म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या बाया आणि दूरच्या जिल्ह्यांतले लोक यांना पंढरपूर गाठता येऊ लागले, आणि पायी गेलेल्यांना परतीसाठी गाडी मिळाली. द्वादशीचे पारणे सोडून परत निघालेल्या वारकऱ्यांनी कुर्डुवाडीचा फलाट भरून जाणे, मृदंग आणि वीणा बाकाखाली सांभाळून ठेवलेल्या असणे आणि मुंबई-पुण्याकडच्या गाडीची वाट पाहत भजन चालू असणे, हे दृश्य या भागातल्या अनेक पिढ्यांनी पाहिलेले आहे.

हा मार्ग पुढे कुठपर्यंत गेला?

पूर्वेकडे तो १९११ मध्ये लातूरला पोहोचला. पांगरी सोडल्यावर येडशीजवळ रामलिंगच्या परिसरात बालाघाटचा चढ लागे, आणि या चढावर गाडी अगदी सावकाश जाई. पुढे कळंब रोड, ढोकी, मुरूड अशी स्थानके होती. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश मुलखातल्या एका छोट्या रेल्वेने ते मुंबईच्या बाजाराशी जोडले गेले आणि लातूरच्या आडत बाजाराच्या भरभराटीत या जोडणीचा वाटा मोठा आहे. धाराशिव शहर मात्र या जुन्या मार्गावर नव्हते. तेथील लोकांना येडशीला येऊन गाडी पकडावी लागे.

दक्षिणेकडे पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ करत मार्ग १९२७ मध्ये मिरजेला गेला. सांगोला आणि जत हा कायम अवर्षणाचा पट्टा. तेथल्या लोकांना कामासाठी, बाजारासाठी आणि दुष्काळात गाव सोडण्यासाठीसुद्धा हीच गाडी होती. लातूर ते मिरज अशी सर्व मिळून सुमारे ३२५ किलोमीटरची ही रेल्वे झाली आणि कुर्डुवाडी तिच्या मध्यावर, मोठ्या रुळाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या हातांच्या मधोमध राहिली.

याच मार्गावरच्या कसबे तडवळे गावी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. निजामाच्या राज्याच्या कडेला असलेल्या एका खेड्यात अशी परिषद भरू शकली, यामागे इतर कारणांबरोबर रेल्वेने जोडलेले ठिकाण हेही कारण असावे, असे नकाशा पाहिल्यावर वाटते.

स्थानकावरचे काम पूर्वी कसे चाले?

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, ही स्टेशन मास्तरची पहिली जबाबदारी. त्यासाठी दोन लगतच्या स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेली यंत्रे असत. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याखेरीज यंत्रातून टोकनचा गोळा बाहेर पडत नसे, आणि तो गोळा हातात आल्याखेरीज ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. न थांबणाऱ्या गाडीसाठी गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ती मोठ्या कडीला बांधत. पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी) रुळाशेजारी हात उंच करून कडी धरून उभा राही आणि इंजिनावरचा खलाशी चालत्या गाडीतून हात घालून ती उचलून घेई, आधीच्या स्थानकाचा गोळा खाली टाकून देई. रात्री, पावसात, हातात मशाल किंवा कंदील घेऊन हे काम करणाऱ्या माणसांवर शेकडो प्रवाशांचा जीव अवलंबून असे, आणि त्यांची नावे कुठल्याही इतिहासात येत नाहीत.

तिकिटे छोट्या जाड पुठ्ठ्याची असत. त्यांवर स्थानकांची नावे व भाडे आधीच छापलेले असे आणि खिडकीवर यंत्रात घालून तारीख उमटवली जाई. लहान स्थानकांवर एकच मास्तर तिकीट, तार, पार्सल आणि सिग्नल असे सर्व पाहत असे. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनवर मात्र हे विभाग वेगळे होते, शिवाय वाफेच्या इंजिनांसाठी शेड, पाणी भरण्याची सोय आणि दुरुस्तीचा कारखाना होता.

कारखान्याचे आणि वसाहतीचे गावावर काय परिणाम झाले?

सर्वांत मोठा परिणाम म्हणजे महिन्याचा पगार. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात ज्या घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम येते, त्या घराचे सगळे गणित बदलते. मुले शाळेत टिकतात, वाण्याची उधारी वेळेवर फिटते, लग्ने ठरताना ‘मुलगा रेल्वेत आहे’ या तीन शब्दांना वजन येते. लोहार, सुतार, फिटर यांची कारागिरी येथे वडिलांकडून मुलाकडे आली, आणि अनेक जातीजमातींची, प्रांतांची माणसे एका वसाहतीत शेजारी राहू लागली. अरुंद मापाची गाडी गेल्यावरही कारखाना बंद पडला नाही. मध्य रेल्वेच्या उरलेल्या अरुंदमापी डब्यांची, विशेषतः नेरळ-माथेरानच्या डब्यांची कामे येथे होत आली आहेत.

बार्शी लाईट सरकारकडे कधी गेली?

१ जानेवारी १९५४ रोजी. मध्य रेल्वे १९५१ मध्ये स्थापन झाली होती, आणि लंडनच्या कंपनीची ही रेल्वे सरकारने विकत घेतल्यावर ती मध्य रेल्वेत सामील झाली. लोकांच्या तोंडी मात्र ‘बार्शी लाईट’ हेच नाव गाडी बंद होईपर्यंत टिकले.

काही जुन्या वस्तूंवर ‘दक्षिण मध्य रेल्वे’ असे का लिहिलेले आढळते?

ऑक्टोबर १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे दिला गेला. १९७७ मध्ये तो पुन्हा मध्य रेल्वेत आला. त्या अकरा वर्षांतल्या पावत्या, तिकिटे आणि सामानावर तसा उल्लेख मिळतो. जुनी वस्तू कोणत्या काळातली हे ठरवताना ही माहिती फार उपयोगी पडते.

छोटी लाईन का काढली, आणि त्याने काय बदलले?

देशभर शक्य तितके रूळ एकाच मापाचे करण्याचे धोरण रेल्वेने १९९२ पासून हाती घेतले. त्यानुसार कुर्डुवाडी-पंढरपूर शाखा नव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोठी झाली, लातूरची बाजू २००७-०८ मध्ये आणि त्यानंतर काही वर्षांत पंढरपूर-मिरज. लातूरच्या बाजूला नुसते रूळ रुंद केले नाहीत, तर मार्गही वळवला, आणि धाराशिव शहराला शंभर वर्षांनी प्रथमच स्वतःचे स्थानक मिळाले. येडशीहून जाणाऱ्या जुन्या वळणांचा काही भाग त्यामुळे सुटला.

जे लोक छोट्या गाडीची आठवण काढून हळहळतात त्यांच्या भावना खऱ्या आहेत, पण रुंदीकरण चुकीचे होते असे मानता येत नाही. लातूरचा प्रवासी आता गाडी न बदलता मुंबईला पोहोचतो, आणि माल एकदा भरला की थेट मुक्कामीच उतरतो. कुर्डुवाडीला मात्र याची किंमत मोजावी लागली. गाडी बदलण्याची गरज संपल्यावर येथे उतरून थांबणारा प्रवासी कमी झाला आणि माल उतरवून पुन्हा भरणारे हात रिकामे झाले. स्थानक जंक्शन राहिले, गाड्यांची संख्या वाढली, मुख्य मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले, पण गावाला पोसणारा तो थांबा उरला नाही. एखाद्या सुधारणेचा लाभ तीनशे किलोमीटरवर पसरतो आणि तिचा भार एका गावावर पडतो, तेव्हा त्या गावाचा हिशेब वेगळा मांडायला हवा होता. तो कोणी मांडलेला दिसत नाही.

लातूरला पाणी नेणारी गाडी याच मार्गाने गेली का?

होय. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचे पाणी आटले तेव्हा मिरजेहून ‘जलदूत’ ही गाडी सोडण्यात आली. पहिल्या खेपेत दहा टाक्यांच्या वाघिणींतून (मालडब्यांतून) सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले, आणि पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्यांतून एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर असा सुमारे ३४२ किलोमीटरचा तो प्रवास होता, म्हणजे बार्शी लाईटचा जवळजवळ संपूर्ण विस्तार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रूळ अरुंद असते तर अशी गाडी नेणे शक्य झाले नसते. ज्या रुंदीकरणाने कुर्डुवाडीची मजुरी गेली, त्याच रुंदीकरणाने दहा वर्षांच्या आत लातूरला प्यायला पाणी दिले, आणि या स्थानकाच्या इतिहासात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

आपल्या गावच्या छोट्या स्थानकाचा इतिहास शोधायचा असल्यास सुरुवात कोठून करावी?

जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरपासून. त्यात रेल्वेचा प्रत्येक टप्पा कधी उघडला, स्थानकाजवळ धर्मशाळा होती का, कोणता माल जात होता, हे बहुधा सापडते. त्यानंतर जुनी वेळापत्रके पाहावीत, कारण गाड्यांच्या वेळांवरून प्रवाशाला किती काळ थांबावे लागत होते ते कळते. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम व रेल्वे खात्यांची दफ्तरे आहेत. स्थानकाचे नाव शोधताना जुने नाव आणि इंग्रजी काळातले निरनिराळे लेखन दोन्ही तपासावे, नाहीतर ‘कुर्डुवाडी’ शोधणाऱ्याला पहिल्या कित्येक वर्षांचे काहीच मिळणार नाही.

परंतु कागदांआधी माणसांकडे जावे, असा आग्रहाचा सल्ला आहे. मालधक्क्यावर काम केलेले हमाल, कडीतून गोळा देणारे पॉइंट्समन, शेडमधले फिटर, फलाटावर चहा विकलेले लोक आता वयोवृद्ध झाले आहेत. त्यांना ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे न म्हणता नेमके प्रश्न विचारावेत : एका पाळीत किती जण असत, पोत्यामागे काय दर मिळे, रात्रीची शेवटची गाडी कोणती, यात्रेच्या दिवसांत जादा माणसे कोठून आणत, पाऊस आल्यावर माल कोठे हलवत. सांगणाऱ्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करावे, तारीख आणि ठिकाण नोंदवावे, त्यांच्याकडे बिल्ला, पगारपत्रक किंवा छायाचित्र असेल तर ते मागून न नेता तेथेच त्याचा फोटो काढावा, आणि लिहून झालेला मजकूर त्यांना एकदा वाचून दाखवावा.